इंजिनाला दिलेला अंगठा

राधाकृष्ण म्हसे याच्या संसाराच्या मधोमध धरण आलं. ही काही बोलायची रीत नव्हे. खरंखुरं, दगडमातीचं, मुळा नदीवरचं धरण. लग्न झालं तेव्हा नवरा-बायकोच्या मधे नुसती नदी होती आणि उन्हाळ्यात ती वहाणा हातात धरून ओलांडता येत होती. अलीकडे राधाकृष्ण धरणाच्या कामासाठी उघडलेल्या कचेरीत कनिष्ठ कारकून, पलीकडे चिंचखांडच्या शाळेत विजयमाला मास्तरीण. शनिवारी कचेरी सुटली की हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि दिवस मावळायच्या आत बायकोच्या हातचा चहा प्यायचा. मग धरणात पाणी अडलं आणि नदीचा समुद्र झाला. त्यातही जिवाला लागणारी गोष्ट अशी, की या धरणाच्या कामाचे आवक-जावकचे सगळे कागद राधाकृष्णाच्याच हाताखालून गेले होते. आपल्या संसाराच्या फाळणीवर त्यानं स्वतःच रोज शिक्के मारले होते, आणि तेही न चुकता, सरळ रेषेत.

बायकोची बदली अलीकडे व्हावी म्हणून तो नगरच्या कचेरीत जाऊन आला. तिथल्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवली आणि खदखदून हसले.

"अहो म्हसे, हे अंतर तर माझ्या घरापासून भाजीबाजाराएवढं आहे. एवढ्यासाठी बदली?"

"साहेब, मधे पाणी आहे."

"कुठंय? नकाशात नाही."

"नकाशा धरणाच्या आधीचा आहे, साहेब. जमिनीवर पाणी आहे."

"मग नकाशात आल्यावर या," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाला त्यांनी आत बोलावलं.

रस्त्यानं जायचं तर पारनेरच्या बाजूनं वळसा, दोन गाड्या बदलायच्या, आणि पोचेपर्यंत परत फिरायची वेळ. राहता राहिली गोरक्षची होडी. गोरक्ष वल्ही मारण्यात तरबेज होता, पण वाऱ्याला फार मान द्यायचा. जरा पाण्यावर सुरकुती उठली की वल्ही गोळा करून झाडाखाली पासोडी पसरायचा. "वाऱ्याच्या तोंडी लागू न्हाई, भाऊसाहेब," असं म्हणून तो कूस बदलायचा. आणि वाराही निघाला भलता वक्तशीर. सोमवार ते शुक्रवार गप्प, शनिवारी दुपारी सुटायचा.

असे लागोपाठ कितीतरी शनिवार वाया गेल्यावर राधाकृष्णानं ठरवलं, की होडीला इंजिन लावायचं. गोरक्ष तयार झाला, कारण इंजिन लागलं तर वल्ही मारायला नकोत आणि मग होडीतच झोपता येईल.

इंजिनही जवळच होतं. वरच्या अंगाला वस्ती करून राहणाऱ्या सूर्यभाननं ते कुठल्याशा जुन्या सामानाच्या लिलावात घेतलं होतं. विहिरीतलं पाणी उपसायचा पंप समजून घेतलं होतं. शेपटीला पंखा, पोटात पेट्रोल, पाण्यात सोडायचं. एवढ्या खुणा जुळल्यावर माणसानं आणखी काय बघायचं? त्यानं ते दोरखंडानं विहिरीत सोडून चालू केलं. पाणी असं घुसळून निघालं की विहिरीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ, दोन हरवलेले तांबे आणि एक नांगराचा फाळ वर तरंगल्यासारखा दिसू लागला, पण पाटात थेंब आला नाही. तेव्हापासून ते बोटीचं इंजिन सूर्यभानच्या गोठ्यात म्हशीशेजारी उभं होतं आणि त्याच्या बायकोचे, रतनबाईचे, टोमणे खात होतं.

राधाकृष्ण दुसऱ्याच दिवशी जाऊन व्यवहार उरकून मोकळा झाला असता. पण त्याच्या शेजारी कारभारीनाना राहत होते.

कारभारीनाना मागच्या मोठ्या लढाईत तिकडं इराकात, बसऱ्याला होते. तिथं ते भटारखान्यात होते हे खरं, पण त्यांच्या बोलण्यातून भटारखाना हळूहळू मागं पडत गेला होता आणि बंदर, बोटी आणि इंजिनं पुढं येत गेली होती. गल्लीत कुणाची सायकल बिघडली, कुणाचा स्टोव्ह भडकला किंवा कुणाचा दमा उठला, की नाना म्हणायचे, "बसऱ्याला असंच झाल्तं."

"इंजिन घ्यायलास?" नानांनी कुंपणावरूनच विचारलं. "आधी काम्प्रेशन बघ."

"म्हणजे काय बघू?"

नानांनी इकडंतिकडं पाहिलं. फुकटचं ज्ञान कुणी ऐकत नसेल तर ते वाया जातं, म्हणून समोरची चार माणसं येईपर्यंत थांबले. मग त्यांनी आपले दोन्ही गाल फुगवले, ओठ मिटले आणि राधाकृष्णाला खूण केली, की गाल दाब. राधाकृष्णानं भीत भीत दाबले. काही झालं नाही. नानांनी फुस्सकन हवा सोडली.

"हे चांगलं इंजिन. हवा धरून ठेवली. आता हे बघ." पुन्हा गाल फुगवले. पण या वेळी ओठ सैल सोडले, आणि नानांच्या पुढच्या दोन दातांच्या जागी खिंड होती, त्यामुळं दाबल्याबरोबर हवा शिटी वाजवत निघाली. "हे बाद इंजिन! आतल्या रिंगा झिजल्या की हवा पळती. हवा पळली की जोर गेला. वरनं रंग दिला, पेट्रोल घातलं, चार बार काढले म्हंजी इंजिन न्हवं. भर पाण्यात मधोमध बसशील बोंबलत. घ्यायच्या आधी काम्प्रेशन!"

त्या दिवसापासून राधाकृष्णाला रस्त्यानं जाणं मुश्किल झालं. कचेरीचा शिपाई विचारायचा, "भाऊसाहेब, कंप्लेशन झालं का?" किराणावाला म्हणायचा, "आमच्या मेव्हण्यानं कंप्रेसन न बघता मोटरसायकल घेतली, आता ती म्हशीच्या पुढं चालत न्हाई." शेजारच्या एका बाईंनी तर विजयमालेची चौकशी करताना हळूच विचारलं, की कंप्रेशन म्हणजे त्यांना काही गोड बातमी आहे का.

दाब मोजायचं घड्याळ असतं, ते प्लगच्या भोकात बसवायचं, दोरी ओढायची आणि काटा बघायचा, हे नानांनी सांगितलं. असं घड्याळ तालुक्यातल्या एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात होतं. गॅरेजवाला लग्नाला गेला होता आणि जाताना कपाटाची किल्ली बरोबर घेऊन गेला होता. कुणाचं लग्न, ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण ते बराच काळ चाललं.

तेव्हा राधाकृष्णाच्या डोक्यात एक कल्पना आली. पुढं आयुष्यभर ती कल्पना नानांचीच होती असं तो सांगत असे आणि नाना ती डॉक्टरांची होती असं सांगत. दाब तो दाब. इंजिनाचा काय आणि माणसाचा काय. आणि गावात दाब मोजायचं यंत्र असलेला एक माणूस होताच: डॉक्टर गहिनीनाथ धोंडे.

डॉक्टर तरुण होते, हौशी होते आणि त्या दिवशी दवाखान्यात पेशंट नव्हता. "शास्त्रीयदृष्ट्या अवघड काही नाही," असं म्हणून त्यांनी ती पाऱ्याची उभी नळी असलेली पेटी उचलली. रविवारी सकाळी राधाकृष्ण, नाना आणि डॉक्टर असे तिघं सूर्यभानच्या वस्तीवर पोचले.

सूर्यभाननं इंजिन गोठ्यातून काढून बैलगाडीच्या मागच्या फळीला आवळून ठेवलं होतं. रतनबाईनं पुसून लख्ख केलं होतं, आणि विकायची वस्तू म्हणून वर हळदकुंकूही लावलं होतं.

"डाक्टर कशापायी आणलं?" सूर्यभाननं संशयानं विचारलं. "इंजिन आजारी न्हाई माजं."

"तपासणी नको का?" नाना म्हणाले. "पोरगी द्यायची म्हंजी तोंड तर बघू द्या."

नानांनी प्लग काढला. डॉक्टरांनी आपल्या यंत्राची रबरी नळी त्या भोकात घातली, भोवती कापूस दाबला, वरून चिकटपट्टी मारली. मग पेटी गाडीच्या कठड्यावर ठेवली, चष्मा सारखा केला आणि पाऱ्याच्या नळीशी डोळा नेला. सूर्यभाननं इंजिनाच्या डोक्यावरच्या चाकाला दोरी गुंडाळली.

"हात सैल सोडा," डॉक्टर सवयीनं म्हणाले. "दीर्घ श्वास घ्या."

सगळ्यांनीच दीर्घ श्वास घेतला. सूर्यभाननं हिसडा मारला.

पारा वर चढताना कुणालाच दिसला नाही. तो नळीत होता आणि मग नव्हता. 'चुळ्ळ' असा आवाज झाला आणि नळीच्या वरच्या टोपणासकट चांदीचं कारंजं उडालं. डॉक्टरांच्या चष्म्यावर, नानांच्या फेट्यावर, बैलाच्या पाठीवर, जिथं तिथं चमकते मणी. अंगणात शेणानं सारवलेल्या भुईवर तर ते असे धावायला लागले, जशी शाळा सुटल्यावर पोरं.

"माझा पारा! धरा, धरा!" डॉक्टर गुडघ्यांवर बसले. पण पारा धरायची वस्तू नव्हे. बोट लावलं की एकाचे चार व्हायचे. "तोंडाला हात लावू नका, विष आहे ते!" असंही ते मधेमधे ओरडत होते. रतनबाईनं कोंबड्या हाकलून खुराड्यात कोंडल्या, एक पुठ्ठा आणला आणि तिनं आणि डॉक्टरांनी मिळून जमेल तेवढा पारा कुंकवाच्या रिकाम्या डबीत लोटला. बराच वेळ गेला. कुणी हसलं नाही. हसायची वेळ नव्हती, आणि पुढं कधीतरी इंजेक्शन याच डॉक्टरांच्या हातून घ्यायचं होतं.

डबी खिशात घालून डॉक्टर उठले.

"तुमच्या इंजिनाला," ते सूर्यभानला म्हणाले, "इतकं प्रेशर आहे, की माणूस असता तर केव्हाच गेला असता. मीठ बंद करा." आणि रिकामी पेटी काखेत मारून ते पायवाटेनं चालू लागले. आपण काय बोलून गेलो हे त्यांना बांध ओलांडल्यावर कळलं असावं, कारण तिथं ते क्षणभर थांबले आणि मग आणखी जोरात निघाले.

"झालं ना?" राधाकृष्ण म्हणाला. "दाब चांगला आहे."

"न्हाई झालं," नाना म्हणाले. "ह्यानं काय ठरलं? डाक्टरचं यंत्र कमजोर, एवढंच ठरलं. बसऱ्याला आमी असली थेरं केली न्हाईत. अंगठा लावायचो. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायचा आन् दोरी वढायची. अंगठा फट्‌दिशी उडाला तर इंजिन पास."

"मग तुम्ही लावा."

"घेनारानं लावायचा आसतो," नाना घाईघाईनं म्हणाले. "कायदाच हाय तसा."

आता इथं राधाकृष्णाची एक खोड सांगायला हवी. तो कोणतीही गोष्ट अर्धवट करत नसे. पाकीट चिकटवलं तर पुन्हा उघडताना फाडावंच लागे. भोकावर अंगठा *दाबून* धरायचा म्हटल्यावर त्यानं तो असा दाबला, अंगाचा भार टाकून, की हवेला काडीची फट राहू नये. त्यातून त्याचा अंगठा कारकुनी, लेखणीवर झिजलेला, निमुळता; आणि त्या जुन्या इंजिनाचं भोक ऐसपैस. अंगठा नखापर्यंत आत गेला.

सूर्यभाननं दोरी ओढली. आतला दट्ट्या आधी खाली गेला. त्याबरोबर अंगठा, आंब्याची कोय चोखावी तसा, आणखी आत ओढला गेला. आता दट्ट्या वर यायचा आणि अंगठा बाहेर उडायचा. पण नेमकी तेवढ्यात दोरी तुटली. सूर्यभान तुकड्यासकट मागं कडब्याच्या गंजीत जाऊन पडला, आणि इंजिन जागच्या जागी थांबलं. राधाकृष्णही.

"काढा आता," नाना म्हणाले.

"निघत नाही."

"हळू काढ."

"हळू पण निघत नाही, नाना!"

सूर्यभान उठून इंजिनाचं चाक हातानं फिरवायला पुढं झाला. "थांब!" नाना ओरडले. "चाक फिरलं तर दट्ट्या वर यील आन् अंगठ्याचं टोक कापून घील. बसऱ्याला एकाचं असंच झाल्तं. अजून त्याला तपकीर वढता येत न्हाई." हे ऐकल्यावर राधाकृष्ण असा किंचाळला, की बैलांनी मान वळवून पाहिलं. त्यानं जाहीर केलं, की चाकाला जो कुणी हात लावील त्याच्यावर तो फिर्याद करील.

मग घरगुती उपाय झाले. रतनबाईनं गोडंतेल ओतलं. ते आत गेलं आणि बाहेर आलं नाही. साबण झाला, ताक झालं, तूप झालं. शेजारच्या वस्तीवरची माणसं जमली होती; त्यांतल्या एकानं सुचवलं, की भाऊसाहेबांना गुदगुल्या कराव्यात म्हणजे अंग ढिलं पडेल. ते करून पाहण्यात आलं. राधाकृष्ण रडत रडत हसला, पण अंगठा आतच. वर सुजायलाही लागला.

या सगळ्यात सूर्यभान मात्र बाजूला उभा राहून विचार करत होता. तो पुढं आला.

"भाऊसाहेब, इंजिन घेनार न्हवं तुमी?"

"आधी अंगठा काढू द्या!"

"तसं न्हाई. तुमी अंगठा दिलाय. चार मानसांदेखत. आमच्यात अंगठा दिला की यवहार पक्का. आता मागं फिरता यायचं न्हाई."

राधाकृष्णाच्या दुखण्यापेक्षा हा घाव मोठा होता. तो मॅट्रिक होता. त्याची सही वळणदार, खाली दोन ठिपके आणि एक आडवी रेघ असलेली. उभ्या आयुष्यात त्यानं कशावर अंगठा उठवला नव्हता, आणि आज त्याला अंगठेबहाद्दरांच्या रांगेत बसवलं जात होतं. "मी सही करणारा माणूस आहे!" तो ओरडला. "आन् मग करा की सही," सूर्यभान शांतपणे म्हणाला. ते शक्य नव्हतं, कारण उजवा हात इंजिनात होता.

शेवटी ठरलं, की तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं. डॉक्टर धोंड्यांकडं जायला कुणाचं तोंड नव्हतं. फळीवरून इंजिन सोडवून सूर्यभाननं लेकरू घ्यावं तसं छातीशी धरलं. त्याच्या उजवीकडून, अंगठा इंजिनात, राधाकृष्ण. पुढं नाना. अशी वरात माळावरून फाट्यावर आली. रतनबाई हळदकुंकू पुसायचं विसरली होती, त्यामुळं वाटेत भेटलेल्या एका म्हातारीनं इंजिनाला नमस्कार करून विचारलं, "कुनाचा द्येव हाय, बाबा?"

यष्टी आली. कंडक्टरनं दार उघडलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नियम सांगितला.

"मशिनरी आत घेता येत नाही. टपावर टाका."

"टाकतो," सूर्यभान म्हणाला, "पर ह्यो मानूस त्याला चिकटलाय."

"पॅसेंजरला टपावर बसता येत नाही. पॅसेंजर आत."

"मग आत घ्या दोघांना."

"मशिनरी आत घेता येत नाही, एकदा सांगितलं ना?"

दोन्ही नियम बरोबर होते. कंडक्टर प्रामाणिक माणूस होता. एकही नियम मोडायची त्याची तयारी नव्हती. आतले प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून मत देऊ लागले. एक म्हणाला, इंजिन टपावर ठेवा आणि माणसाचा हात खिडकीतून वर काढा. दुसरा म्हणाला, एवढा लांब हात असता तर तो कारकून झाला नसता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. शेवटी कंडक्टरला वाट सापडली. इंजिन माणसाला जोडलेलं आहे, म्हणजे ती मशिनरी नव्हे. ते बरोबरचं माणूस समजायचं. त्याला तिकीट पडेल.

"हाफ काढा मग," नाना म्हणाले. "उंची बघा की त्याची."

"वय किती?"

"लढाईच्या टायमाचं हाय," सूर्यभान अभिमानानं बोलून गेला.

"मग बारा वर्षांच्या वर झालं. फुल," कंडक्टरनं टिक्‌कन तिकीट फाडलं आणि इंजिनाच्या पंख्यात खोचून दिलं.

मागच्या बाकावर खिडकीशी राधाकृष्ण, मधे इंजिन, कडेला सूर्यभान. राधाकृष्णानं डाव्या हातानं रुमाल तोंडावर ओढला होता. आपल्याला कुणी ओळखू नये एवढीच त्याची इच्छा होती. पण प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला आधीचे प्रवासी सगळी हकिगत सुरुवातीपासून सांगत होते, आणि नाना ती दुरुस्त करत होते. एका थांब्यावर गोरक्ष होडीवाल्याचा चुलता उतरला. त्यानं फक्त अर्धीच हकिगत ऐकली होती.

ओढ्यापाशी रस्ता उखडलेला होता. गाडी अशी आदळली की सगळे प्रवासी एकाच वेळी उभे राहिले आणि एकाच वेळी बसले. सूर्यभान बाकावरून घसरला. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. त्याच्या हाताला इंजिनाचं चाक आलं. चाक गर्रकन फिरलं.

'फट्!'

एवढा आवाज झाला की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. "टायर गेला," कंडक्टर म्हणाला. प्रवासी भराभर खाली उतरले. ड्रायव्हरनं एकेका टायरला लाथ मारून पाहिली. सगळे टायर ठणठणीत. लोक वाकून गाडीखाली बघत राहिले. तेवढ्यात मागच्या खिडकीतून राधाकृष्ण ओरडला, "निघाला! निघाला!" आणि त्यानं आपला अंगठा बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. लाल झाला होता, सुजला होता, तेलातुपानं माखला होता, पण पुरा होता.

"पास!" नानांनी हात वर करून पुकारा केला. "यष्टीचा टायर फुटल्यागत बार झाला! काम्प्रेशन फर्स्टक्लास! बसऱ्याला सुदिक असलं इंजिन बघितलं न्हाई!"

राधाकृष्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो सूर्यभानकडं वळला. "सूर्यभान, झालं गेलं विसरा. इंजिन मी घेतलं."

सूर्यभान इंजिनाच्या अंगावरून हात फिरवत होता, जणू ते त्याला आजच दिसलं होतं.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "डाक्टरचं यंत्र फोडलं ह्यानं. मोठी यष्टी थांबवली ह्यानं. असलं इंजिन इकायला मी काय येडा हाय?"

"अहो, पण मी अंगठा दिला होता! व्यवहार पक्का म्हणालात तुम्ही!"

"अंगठा तुमी परत घेतला की."

यावर कुठल्याच कचेरीत दाद नव्हती.

पुढच्या आठवड्यात सूर्यभान आणि गोरक्ष भागीदार झाले. इंजिन होडीला लागलं. राधाकृष्ण त्या दोघांशी बोलणार नव्हता, होडीत पाय ठेवणार नव्हता, जीव गेला तरी नाही, असं त्यानं सगळ्या गल्लीत सांगितलं. शनिवारी वारा सुटला. पाण्यावर लाटा आल्या. आणि तरीही होडी निघतेय असं कळल्यावर तो कचेरीतून थेट काठावर आला आणि काहीच न बोलता पुढच्या फळीवर बसला. इंजिन पहिल्याच हिसड्याला धडधडलं. वारा समोरून येत होता, पाणी तोंडावर उडत होतं, आणि राधाकृष्णाच्या मनातला राग एकेका लाटेगणिक मागं पडत होता. पलीकडचा काठ जवळ येताना इतका देखणा असतो हे त्याला माहीतच नव्हतं.

तो धावतच शाळेच्या खोलीवर गेला. दाराला कुलूप.

"बाई सकाळीच गेल्या," शेजारीण लंकाबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "तुमचा हात इंजिनानं खांद्यापातूर खाल्ला म्हून होडीवाल्याच्या चुलत्याकडनं सांगावा आला उशिरानं. शनवारी वारा सुटतोय म्हून होडीची वाट न्हाई बघितली, पारनेरकडच्या यष्टीनं वळसा घालून तिकडंच गेल्या. तुमी... दोनी हात हायेत की तुमाला!"

राधाकृष्ण आला तसा परत पळाला. सूर्यभान काठावर विडी ओढत होता.

"फिरवा होडी! फिरवा!"

"पॅसेंजर न्हाईत की अजून."

"मी आहे ना!"

सूर्यभाननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, विडी विझवली आणि दोरी ओढली. एकट्या माणसासाठी होडी परत निघाली. अलीकडच्या काठावर पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. तिथं वडाच्या पारावर, दोन गाड्यांच्या धुळीनं माखलेली, मांडीवर कापडी पिशवी घेतलेली विजयमाला बसली होती. शेजारी नाना तिला हकिगत सांगत होते. तिचा चेहरा पाहून वाटत होतं, की ती नुकतीच डॉक्टरांच्या पाऱ्यापर्यंत आली असावी.

ती उठली. तिनं आधी नवऱ्याचा उजवा हात हातात घेतला, मग डावा. बोटं एकेक करून चाचपली. अंगठा उलटासुलटा करून पाहिला.

"दुखतंय का?"

"आता नाही," राधाकृष्ण म्हणाला.

"मग बरं." तिनं हात सोडला. डोळे मात्र पदरानं पुसले, धुळीमुळं असतील. "सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. आणि परवा शाळेत तपासणी आहे, उद्या मला तिकडं पोचायचंय. पुन्हा त्या गाड्यांतून जायची ताकद नाही."

"अगं, गाडी कशाला? इंजिन लागलंय होडीला! वाऱ्यातसुद्धा चालतं. उद्या मीच येतो सोडायला."

विजयमालेनं होडीकडं पाहिलं, मग त्या इंजिनाकडं पाहिलं. सूर्यभान अदबीनं पुढं झाला.

"बाई, काळजी करू नगा. लई भारी इंजिन हाय. खुद्द म्हसे भाऊसाहेबांनी तपासून पास केलंया."

"म्हणूनच विचारते," विजयमाला म्हणाली, "वल्ही ठेवलीत ना होडीत?"